दोनशे चाळीस तास
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी गिरणीतला माणूस, सातवी शिकलेला. पुढचं वाचनालयात शिकलो. चुकलं तर सांभाळून घ्या.

१९४६ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. नोकरी करणाऱ्यांसाठी तिथे सकाळचे वर्ग ठेवले. म्हणजे कॉलेजच कामगाराच्या वेळेला धावून आले. आता कॉलेजातल्यांनी वस्तीकडे यायचे आहे.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. दोन वर्षांत २४० तास सेवा, शिवाय सात दिवसांचे शिबिर. योजना चांगली. पण कोणी तास भरण्यापुरते झाड लावतो. पाणी कोण घालणार?

गेल्या वर्षी आपल्या गल्लीतल्या एका मुलीची शिष्यवृत्ती हुकली. घरात फॉर्म समजणारे कोणी नव्हते, आणि त्याच चाळीत तीन पदवीधर! मीही विचारले नाही, दोष माझाही आहे.

यंदा एम.ए.ची एक मुलगी दर रविवारी विहारात बसते. फॉर्म भरून देते, दहावीच्या मुलांचे गणित घेते. म्हटलं, ‘‘पोरी, कंटाळत नाहीस?’’ म्हणाली, ‘‘काका, पूर्वी चारचौघांत तोंड उघडायला घाबरायची. आता भीती गेली.’’

मुले वाढलीत, तिला एकटीला पुरे पडत नाही. अजून दोघेजण पाहिजेत. सतरंजी विहाराची आहे, चावी माझ्याकडे असते.