शिक्षकाचा परवाना
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी यंदा आम्हांस शिक्षकी पेशा आणि त्यासंबंधीचे कायदे या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. आम्ही कायदेपंडित नव्हे. मॅट्रिक आणि त्यावर अध्यापक विद्यालयाची पदविका एवढ्या शिदोरीवर आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळांतून आयुष्य घालविले. परंतु आपल्या ज्ञातीत घरटी नव्हे तरी दर दोन घरांआड एक मास्तर किंवा मास्तरीणबाई आहेत, आणि गेल्या दीड वर्षात आमच्या ओटीवर जेवढी माणसे सल्ल्याला येऊन बसली, त्यांतील निम्म्याहून अधिक याच एका प्रश्नासाठी आली. म्हणून हा विषय आम्ही आनंदाने पत्करला.

वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते. अमेरिकेतील संस्थाने शिक्षकालाही तसाच परवाना देतात. प्रत्येक संस्थानाचे नियम निराळे आणि बहुतेक ठिकाणी तो परवाना ठरावीक मुदतीने नवा करून घ्यावा लागतो. आपल्याकडे 'परवाना' असे नाव असलेला एकच कागद नाही. पदविका, पात्रता परीक्षा, निवड चाचणी, नेमणुकीचा आदेश आणि खाजगी शाळा असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता, असे चारपाच कागद मिळून तो परवाना होतो. यातील एक कागद हाती आला की सगळे मिळाले, अशी समजूत करून घेतल्यामुळे आपली कुटुंबे फसतात. आज जे सांगावयाचे ते मुख्यतः याविषयीच.

पूर्वी हे सोपे होते. मुंबई इलाख्यात व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या भाषेत नुसती 'फायनल', झालेला मुलगा शाळाखात्यात चिकटे आणि पुढे खाते त्याला ट्रेनिंग कॉलेजात पाठवी. शिक्षक हा शिकविलेला असावा, हा आग्रह मात्र जुना आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळांचे शिक्षक प्रशिक्षित असावेत, ते शक्यतो बहुजनांत मिसळू शकणाऱ्या वर्गांतून यावेत आणि त्यांना बरा पगार मिळावा, अशी मागणी केली होती. पात्रता, प्रतिनिधित्व आणि वेतन या तिन्ही गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या. पुढे कायदे झाले त्यांत पात्रतेचे कलम दरवेळी कडक होत गेले. बाकीच्या दोहोंबद्दल बोलावयास बसलो तर संमेलन उद्यावर जाईल.

स्वातंत्र्योत्तर काळात खाजगी शाळांसाठी 'महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७' हा कायदा झाला आणि १९८१ साली त्याची नियमावली आली. शिक्षकाची अर्हता काय असावी, ज्येष्ठता कशी मोजावी, कोणास कसे काढता येते, हे सर्व त्या नियमावलीत आहे. संस्थाचालकाने शिक्षकास काढून टाकले तर आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, एवढी एक गोष्ट तरी आमच्या खाजगी शाळांतील बांधवांनी घरच्या भिंतीवर लिहून ठेवावी. तिसाव्या दिवसानंतर रडत येणारे आम्ही पाहिले आहेत.

देशपातळीवर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा कायदा १९९३ साली झाला. पण खरा पालट बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने झाला. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या तेविसाव्या कलमान्वये शिक्षकाची किमान अर्हता ठरविण्याचा अधिकार परिषदेस मिळाला, आणि परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकास शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे ज्यास सर्वजण टीईटी म्हणतात ती, आवश्यक केली. महाराष्ट्रात शासनाने २०१३ च्या फेब्रुवारीत तसा निर्णय काढला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पहिली परीक्षा झाली.

या परीक्षेचे स्वरूप ठाऊक असावे. पहिली ते पाचवीसाठी पहिला पेपर, सहावी ते आठवीसाठी दुसरा. प्रत्येकात दीडशे प्रश्न, दीडशे गुण आणि वेळ अडीच तास. म्हणजे प्रश्नास एक मिनिट. चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. उत्तीर्ण होण्यास शेकडा साठ गुण लागतात. आरक्षित प्रवर्गांस आपल्या राज्यात शेकडा पंचावन्न. एवढे सोपे वाटते, तरी उत्तीर्णांचे प्रमाण अनेक वर्षी शेकडा पाचाच्या आसपास घोटाळत राहिले. प्रमाणपत्राची मुदत आधी सात वर्षे असे. २०२१ साली केंद्राने ते २०११ पासूनच्या सर्वांसाठी आजन्म ग्राह्य केले.

आता आपल्या कुटुंबांनी नीट ध्यानात घ्यावे ते हे. टीईटी उत्तीर्ण होणे म्हणजे नोकरी मिळणे नव्हे. ती केवळ रांगेत उभे राहण्याची परवानगी होय. आमच्या वधूवरसूचीत 'टीईटी उत्तीर्ण' हे शब्द 'सरकारी नोकरी' असल्याच्या थाटात छापले जातात, आणि वधूपित्यांचा गोड गैरसमज लग्नानंतर कडू होतो! त्या परीक्षेनंतर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी ही दोनशे गुणांची निराळी परीक्षा आहे. ती प्रथम २०१७ साली, मग २०२३ साली आणि नंतर २०२५ साली झाली. तिच्या गुणांवर पवित्र नावाच्या संगणकीय प्रणालीतून निवड होते. निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. २००० साली ही योजना आली तेव्हा प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन मासिक तीन हजार रुपये होते. १ जानेवारी २०२३ पासून ते सोळा हजार झाले.

पदवी घेऊन बी.एड. झालेल्या मुलामुलींसाठी आणखी एक सूचना. २०१८ साली परिषदेने बी.एड. धारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी ते रद्द केले. लहान मुलांस शिकविण्याची विद्या निराळी आहे आणि ती पदविकेतच शिकविली जाते, हे त्यामागील तत्त्व आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. पहिलीच्या वर्गात चाळीस वर्षांच्या अनुभवानेही घाम फुटतो. तेव्हा ज्या मुलीस खरोखर लहान मुलांत रमावयाचे आहे, तिला उगाच प्रतिष्ठेसाठी बी.एड. कडे लोटू नये. आणि जिने बी.एड. केले आहे तिने सहावीपासून पुढच्या वर्गांकडेच दृष्टी ठेवावी.

यानंतर देणगीचा विषय. तो टाळता येत नाही. २०१२ सालापासून शिक्षकभरती दीर्घकाळ स्थगित राहिली, आणि गावोगाव निघालेल्या अध्यापक विद्यालयांतून बाहेर पडलेली मुले घरी बसली. त्या काळात आपल्याच एका ज्ञातिबांधवाने दोन एकर जमीन गहाण टाकून एका संस्थेस रक्कम दिली. मुलास नेमणुकीचा आदेश मिळाला, पेढे वाटले गेले, मंडळात सत्कारही झाला. परंतु त्या जागेची जाहिरात रीतसर झाली नव्हती, शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता नव्हती, आणि मान्यता नाही म्हणून पगार नाही. सहा वर्षे तो मुलगा फुकट शिकवीत राहिला. आज तो एका दुकानात हिशेब लिहितो आणि जमीन सुटलेली नाही. संस्थाचालकाने दिलेला आदेश हा परवान्याचा अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत असतो. जाहिरात कोठे व केव्हा आली, जागा मंजूर आहे काय, बिंदुनामावलीप्रमाणे ती कोणत्या प्रवर्गाची आहे, हे विचारल्याखेरीज कोणी सही करू नये. विचारल्याने संस्थाचालक रागावला, तर तेच तुमचे उत्तर समजावे.

आडमार्गाने मिळविलेला कागद टिकतही नाही. २०२० च्या जानेवारीत झालेल्या पात्रता परीक्षेत गुण वाढवून घेतल्याचे पुणे पोलिसांच्या तपासात उघड झाले, आणि २०२२ साली सात हजारांहून अधिक उमेदवारांवर परीक्षा परिषदेने कारवाई केली. २०२५ साली नागपुरात बनावट शालार्थ ओळखक्रमांकांवर पगार काढल्याचे प्रकरण बाहेर आले. यांत पैसे देणारे बहुतेक सामान्य घरांतीलच होते.

आणि आता ज्या विषयासाठी माणसे आमच्या ओटीवर येतात त्याकडे वळतो. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की शिक्षणहक्क कायद्यापूर्वी नेमले गेलेले आणि आज सेवेत असलेले शिक्षकसुद्धा पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाले पाहिजेत. ज्यांची सेवा त्या दिवशी पाच वर्षांहून अधिक उरली होती, त्यांस दोन वर्षांची मुदत; त्या अवधीत उत्तीर्ण न झाल्यास सेवा सोडावी लागेल, अथवा नियमाप्रमाणे देय लाभ देऊन सक्तीने निवृत्त केले जाईल. ज्यांची पाच वर्षांहून कमी उरली, ते निवृत्तीपर्यंत राहू शकतात, परंतु परीक्षेवाचून पदोन्नती नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्तीचा हिशेब धरला, तर सप्टेंबर १९७२ नंतर जन्मलेल्या जवळजवळ सर्व प्राथमिक शिक्षकांस हा निकाल लागू पडतो. अल्पसंख्याकांच्या शाळांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपविला आहे.

यावर आमचे मत विचाराल तर ते दुहेरी आहे. २०१० च्या अधिसूचनेतच, तत्पूर्वी नेमलेल्यांस नवी अर्हता मिळविण्याची गरज नाही असे लिहिलेले होते. त्या लेखी शब्दावर विसंबून ज्यांनी पंधरा वर्षे शाळा सांभाळल्या, जनगणना केली, निवडणुका पार पाडल्या, खिचडीचे तांदूळ मोजले, त्यांना पन्नाशीच्या उंबरठ्यावर 'तुम्ही पात्र आहात काय' असे विचारणे क्लेशकारक आहे, हे आम्ही निःसंकोचपणे म्हणतो. राज्यभर शिक्षकांत जी अस्वस्थता पसरली ती अकारण नव्हती. तथापि पालकाच्या बाजूने पाहिले, तर आपल्या मुलाचा शिक्षक त्याच्या विषयात पक्का असावा ही त्याची अपेक्षाही अन्याय्य नाही. अर्ज, विनंत्या, मोर्चे ज्यांना करावयाचे ते करोत. पण त्यांच्या फळावर संसार टांगून ठेवू नये. मुदत संपते तेव्हा घरभाडे आणि मुलीची फी थांबत नाही.

काही बांधव म्हणतात, 'गुरुजी, ज्या पोरांना आम्ही शिकविले, त्यांच्या शेजारी बाकावर बसून पेपर लिहावयाचा, याची लाज वाटते.' लाज कसली? अनुताई वाघ बालविधवा होत्या. फायनल होऊन त्या शिक्षिका झाल्या आणि नोकरी सांभाळून पुढील परीक्षा देत राहिल्या. मग १९४५ साली बोर्डीस ताराबाई मोडकांबरोबर त्यांनी ते काम उभे केले, जे पुढे कोसबाडच्या टेकडीवर बहरले. शिक्षकाने परीक्षेस बसणे ही आपल्या प्रांतातील जुनी चाल आहे.

अभ्यासाचे म्हणाल, तर अनुभवी शिक्षकास भाषा, गणित आणि परिसर अभ्यास जड जात नाहीत. अडखळतो तो बालमानसशास्त्राच्या तीस प्रश्नांत. आमच्या पदविकेत फ्रोबेल आणि माँटेसोरीबाई होत्या. आता पियाजे आणि व्हिगॉट्स्की यांची नावे येतात. नावांना भिऊ नये. मूल चुकते ते विचार करूनच चुकते, हे आपण रोज वर्गात पाहिले आहे. पियाजेने तेच शास्त्राने मांडले. दुसरी अडचण वेळेची. एका प्रश्नावर चार मिनिटे विचार करण्याची आपली सवय तेथे घात करते. म्हणून घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडविणे हाच सराव. ज्यांच्या घरी सेवेतील सून किंवा मुलगी आहे, त्यांनी रोज संध्याकाळचे दोन तास स्वयंपाकघर दुसऱ्या कोणी सांभाळावे अशी व्यवस्था करावी. सासूबाईंनी येथे हसू नये. आम्ही गंभीरपणे बोलत आहोत.

कार्यकारी मंडळाच्या संमतीने ज्ञातिगृहाच्या माडीवर दर रविवारी दुपारी दोन ते पाच या वेळेत अभ्यासवर्ग भरविण्याचे ठरले आहे. वर्ग विनामूल्य असून अन्य समाजांतील शिक्षकांसही खुला राहील. मानसशास्त्र आणि मराठी आम्ही पाहू; गणितासाठी आपल्यातील दोन निवृत्त मुख्याध्यापकांनी होकार दिला आहे. इंग्रजीसाठी अद्याप कोणी मिळालेले नाही, तरी तरुणांपैकी कोणी पुढे यावे. ज्यांस नाव नोंदवावयाचे आहे, त्यांनी भोजनापूर्वी चिटणिसांकडील वहीत नोंदवावे, आणि खाजगी शाळेतील नेमणुकीची कागदपत्रे ज्यांना दाखवून घ्यावयाची आहेत, त्यांनी ती मूळ प्रतींसह रविवारी बरोबर आणावीत.