१९११ सालचा एक फुटबॉल हंगाम

(चिंचणी येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



"सर, फुटबॉलच्या नादानेच मुलगा नापास होतो," अशी तक्रार घेऊन दरवर्षी काही पालक मजकडे येतात. त्यांना आज मी कलकत्त्याच्या एका हंगामाची हकीगत सांगणार आहे.

आय.एफ.ए. शील्डची स्पर्धा १८९३ पासून चालू होती. परंतु १९११ पर्यंत एकाही हिंदी संघाला ती जिंकता आली नव्हती. त्या वर्षी मोहन बागान संघात अभिलाष घोष हा कॉलेजचा विद्यार्थी होता. सुधीर चटर्जी तर मिशनच्या कॉलेजात शिकवीत असत, आणि बूट घालून खेळणारे ते एकटेच! बाकी दहाजण अनवाणी. आपल्या समुद्रावर ओहोटीच्या वाळूत खेळणाऱ्या मुलांना त्याचे नवल वाटणार नाही. पण तिथे होता पावसाळी चिखल, आणि समोर गोऱ्या सोल्जरांचे बूट.

पहिल्याच सामन्यात त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजला ३-० असे हरविले. पुढे रेंजर्स आणि रायफल ब्रिगेड. मिडलसेक्स रेजिमेंटशी बरोबरी झाली, तेव्हा पुन्हा खेळून ३-० ने जिंकले. २९ जुलैला अंतिम सामना ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटशी. पहिला गोल गोऱ्यांचा. मग कप्तान शिवदास भादुरी यांनी बरोबरी साधली, आणि सामना संपता संपता विजयाचा गोल केला तो आपल्या या विद्यार्थ्याने! मागे उभ्या असलेल्या गर्दीला पतंग उडवून गोल कळवीत, असे सांगतात. कलकत्त्याच्या मुसलमानांनाही या विजयाचा तितकाच आनंद झाला होता. (मुंबईत रोव्हर्स कप जिंकणारा पहिला हिंदी संघ बंगलोर मुस्लिम्स, १९३७ साली, हेही मुलांनी लक्षात ठेवावे.)

आता माझी एक चूक सांगतो. गेल्या वर्षी गणितात नापास झालेल्या एका मुलाचे नाव मी संघातून काढले. वाटले, आता अभ्यास करील. पण मैदान सुटले तसा तो वर्गातही येईनासा झाला. दोनदा त्याच्या घरी जाऊन त्याला परत आणावे लागले. यंदा त्याचे नाव संघात आहे, आणि गणिताच्या तासाला तो पुढच्या बाकावर बसतो. पास होईल की नाही, ते मार्चमध्ये कळेल.

पालकहो, मगरिबच्या अजानपर्यंत मुलांना मैदानावर राहू द्या. अजान होताच त्यांना घरी पाठविणे माझ्याकडे. घरी पुस्तक उघडले की नाही, हे पाहणे तुमच्याकडे.