मताची शिल्लक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी काहीतरी गोड बोलावे अशी रीत आहे. मी मात्र हिशेबाचा विषय घेऊन उभी राहिले आहे. कंटाळा करू नका. पन्नास पानांच्या भरताला वांगी किती लागतील हे जी तोंडी सांगते, तिला हा हिशेब मुळीच जड नाही.

माझे माहेर धुळ्याचे आणि सासर जळगावचे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत जळगावातून स्मिता वाघ, रावेरातून रक्षा खडसे आणि धुळ्यातून शोभा बच्छाव निवडून आल्या. तिन्ही ठिकाणी बायकाच, याचा आपणा सर्वांना अभिमान वाटला. पण धुळ्याचा निकाल अवघ्या ३,८३१ मतांनी लागला. हरलेल्या उमेदवाराला सुमारे ५ लाख ८० हजार मते होती. जागा एकच, म्हणून इतक्या मतांच्या वाट्याला काही आले नाही. यात कुणाचा दोष नाही. ज्याला जास्त मते तो निवडून यायचा, ही लोकसभेची पद्धतच आहे.

राज्यसभेची पद्धत निराळी आहे. तिला प्रमाणशीर प्रतिनिधित्व म्हणतात. तेथे आपले आमदार मत देतात. मत एकच; पण मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा. आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील १९८५ साली राज्यसभेवर गेल्या आणि २००७ साली राष्ट्रपती झाल्या. राष्ट्रपतींची निवडणूकसुद्धा पसंतीक्रमानेच होते.

आता २०२२ सालची गोष्ट पाहा. महाराष्ट्रातून ६ जागा भरायच्या होत्या आणि उमेदवार ७ होते. ग्राह्य मते २८४ झाली. जागांत एक मिळवून, म्हणजे ७ ने, मतांना भागायचे. जिंकायला साधारण ४१ मते लागतात, हे त्यातून निघाले. संजय पवार यांना पहिल्या पसंतीची ३३ मते होती आणि धनंजय महाडिक यांना २७. तरी ३३ वाले हरले आणि २७ वाले जिंकले! हे कसे झाले? महाडिकांच्या पक्षाच्या दुसऱ्या दोघांना ४८-४८ मते पडली होती. गरजेहून जास्त असलेली प्रत्येकी सात-साडेसात मते दुसऱ्या पसंतीप्रमाणे महाडिकांकडे वळली. पवारांनाही आपल्या बाजूची शिल्लक मिळाली, पण ती चाळिशीच्या आतच संपली. एका मताचे शंभर भाग धरतात, म्हणून शिल्लक बारीक हिशेबाने वाटता येते. आणि कोणालाच पुरेशी मते नसली, तर सर्वांत मागे असलेल्याला वगळून त्याची मते पुढच्या पसंतीला देतात.

आता आपल्या घरचे बोलते. गेल्या खेपेस कार्यकारिणीच्या ३ जागांसाठी आपण ६० जणींनी मते दिली. प्रत्येकीला तीन मते होती. आमच्या आळीच्या ३६ जणींनी तीच तीन नावे लिहिली आणि तिन्ही जागा आमच्या झाल्या. त्या तिघींत मी एक होते. नोकरी करणाऱ्या २४ जणींची एकही बाई आत आली नाही. शिवणवर्ग संध्याकाळी ठेवा, एवढेच त्यांचे मागणे होते. आम्ही तो दुपारी तीनला ठेवला, कारण आम्हाला तीच वेळ सोयीची होती. दिवाळीपर्यंत त्यांतल्या निम्म्या जणी यायच्या बंद झाल्या. आम्ही म्हणालो, त्यांना मंडळाची ओढ नाही. हे आठवले की आज मला लाज वाटते.

तेच मतदान पसंतीक्रमाने झाले असते तर? ६० ला ४ ने भागले की १५. त्यात एक मिळवून १६. म्हणजे १६ मतांची बाई निवडून आली. समजा तुळस, जाई, मोगरा आणि शेवंती अशा चार उमेदवार आहेत. तुळशीला २३ मते, जाईला १०, मोगऱ्याला ३ आणि नोकरीवाल्यांच्या शेवंतीला २४. तुळस आणि शेवंती लगेच आल्या. तुळशीची ७ मते शिल्लक राहिली. ती देणाऱ्यांची दुसरी पसंती जाई असेल, तर जाईची १७ होऊन तीही आली. ३६ जणींच्या दोघी, २४ जणींची एक. कुणावर उपकार नाही, कुणावर अन्याय नाही.

या पद्धतीत मोजणीला वेळ लागतो, हे खरे. गटबाजी टिकून राहील, अशीही शंका काही जणींनी मला बोलून दाखवली. पण गट तर आजही आहेत. फरक इतकाच की एक गट खुर्चीवर आहे आणि दुसरा घरी बसला आहे.

म्हणून पुढची निवडणूक पसंतीक्रमाने घ्यावी, असा ठराव मी सर्वसाधारण सभेपुढे मांडणार आहे. तसे झाले तर कदाचित माझीच जागा जाईल. जाऊ द्या. संध्याकाळी सहाला मंडळाच्या दारात चपलांची रांग पुन्हा दिसली, की मला सारे मिळाले.