संदेशाचे कुलूप

पोस्टकार्ड कोणाच्याही दृष्टीस पडावे. बंद पाकीट मात्र ज्याच्या नावे असेल त्यानेच फोडावे, हा संकेत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहे. भोपाळच्या जवाहर चौकातील एखाद्या मराठी घरातून सोलापुरास मोबाइलवर धाडलेला संदेश या दोहोंपैकी कोणत्या जातीचा, असे श्रोत्यांपैकी कोणी विचारले तर ते अप्रस्तुत ठरू नये.

एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सॲपवरील सर्व संदेश बंद पाकिटाच्या जातीचे झाले. ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’ म्हणजे एका टोकाला घातलेले कुलूप थेट दुसऱ्या टोकालाच उघडणे. प्रत्येक मोबाइलजवळ एक जाहीर व एक गुप्त किल्ली असते. जाहीर किल्ल्यांची देवघेव होते; गुप्त किल्ली मोबाइल सोडून कोठेही जात नाही. आपली गुप्त आणि दुसऱ्याची जाहीर किल्ली यांच्या गणिती संयोगातून दोन्ही टोकांना एकच सामाईक किल्ली सिद्ध होते. त्यामुळे संदेश वाहून नेणाऱ्या कंपनीलाही आतला मजकूर वाचता येत नाही.

परंतु कुलूप सज्जन-दुर्जन हा भेद जाणत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. ते सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी होते. त्या काळी अशा अफवा मोबाइलवरूनच फैलावत होत्या. त्यांचा मूळ कर्ता शोधावा, ही मागणी गैर कोण म्हणेल? फेब्रुवारी २०२१ च्या नियमांन्वये केंद्र सरकारने, गंभीर गुन्ह्यांत संदेशाचा पहिला प्रेषक दाखवून देण्याचे बंधन मोठ्या कंपन्यांवर घातले. व्हॉट्सॲपने मे २०२१ मध्ये त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. एका अपराध्याचा माग लागावा म्हणून कोट्यवधी निरपराध्यांच्या संदेशांचाही माग ठेवावा लागेल, हा तिचा मुख्य आक्षेप.

तो सहज झटकण्यासारखा नाही. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने दिला. शिवाय कुलूप न फोडताही काही उपाय करता येतात. जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपने भारतात, आलेला संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडण्याची मर्यादा जाहीर केली.

कुलूप केवळ वाटेचे रक्षण करते. दोन्ही टोकांना माणसेच असतात. हाती आलेले पाकीट जपावे की शहानिशा न करता गावभर करावे, हे कोणतेही गणित ठरवीत नाही. ते ज्याचे त्यानेच ठरवावयाचे असते.