विहिरीकाठचा धडा

भर दुपारची वेळ. सूखार नावाच्या गावाबाहेर एक पुरातन विहीर आहे आणि तिच्या काठाशी चालून थकलेला एक प्रवासी बसला आहे. गावातील एक स्त्री घागर घेऊन एकटीच पाण्याला येते. प्रवासी यहुदी, ती शोमरोनी. आणि यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. तरीही तो प्रवासी, येशू ख्रिस्त, तिच्यापाशी प्यावयास पाणी मागतो. योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात आलेली ही कथा ख्रिस्ती घरातील मूल अगदी लहानपणापासून ऐकत आलेले असते.

फार ऐकलेल्या गोष्टीचे एक वाईट होते. ती पाठ होते आणि पाठ झाली की बोचेनाशी होते. रविवारी उपासनामंदिरात हा अध्याय वाचला जातो, प्रवचनही होते. परंतु सोमवारी सकाळी त्याचा कोठे आणि कसा उपयोग करावयाचा, हा प्रश्न बहुधा मंदिराच्या दारातच राहतो. वास्तविक महाराष्ट्रातील माणसाला तरी या कथेचे मर्म कळावयास भाष्यकाराची गरज पडू नये. ज्या भूमीत जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि जेथे १९२७ मध्ये महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तेथे कोणी कोणाच्या हातचे पाणी मागावे याचा अर्थ प्रत्येकाला ठाऊक आहे.

ही कथा एका मराठी स्त्रीने जेव्हा ऐकली, तेव्हा तिच्यासाठी ती पाठ झालेली नव्हती. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ज्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या उतरल्या होत्या, त्यांनी लंडनमधील फुलहॅम येथे चालविलेले एक आश्रयगृह त्यांना दाखविले. समाजाने वाईट चालीच्या म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे सांभाळीत, काम शिकवीत आणि मानाने वागवीत. रमाबाई शास्त्रे जाणणाऱ्या. अशा स्त्रीला दंड असतो हे त्यांना माहीत होते. तिची सेवा करणारे लोक मात्र त्यांनी पाहिले नव्हते. हे सर्व कशासाठी, असे त्यांनी विचारले, तेव्हा तेथील एका भगिनीने त्यांना विहिरीकाठच्या त्या स्त्रीची कथा वाचून दाखविली. म्हणजे रमाबाईंनी प्रथम आचरण पाहिले आणि मग त्याचे वचन ऐकले. धर्मग्रंथाचा धडा मनात रुजण्याचा हाच कदाचित सर्वांत खात्रीचा क्रम असावा.

त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण धडा घेणे आणि तो संसारात उतरविणे यांमध्ये बरेच अंतर असते, आणि ते अंतर रमाबाईंनाही सुखाने कापता आले नाही. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. उच्चवर्णीय विधवांच्या या शाळेत धर्माचा उपदेश करावयाचा नाही, असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. दार लावून घेणे रमाबाईंना आपल्या श्रद्धेशी प्रतारणा वाटले. मुलींच्या पालकांना उघडे दार हाच विश्वासघात वाटला. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक मुलींना घरी नेण्यात आले. दोन्ही बाजूंची माणसे प्रामाणिक होती. शास्त्रवचन रोजच्या व्यवहारात आणू पाहणाऱ्याला एकीकडे स्वतःची श्रद्धा आणि दुसरीकडे इतरांनी टाकलेला विश्वास यांचे ओझे एकाच वेळी उचलावे लागते, हे या प्रसंगावरून दिसते. ते ओझे नाही असे मानणाऱ्याने व्यवहार पाहिलेला नसतो.

पुढे १८९६ मध्ये मध्यप्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण सत्तरीच्या दशकातील दुष्काळात उपासमारीने गेली होती. भुकेचे वर्णन त्यांना पुस्तकातून वाचावयाचे नव्हते. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्याच्या पूर्वेस, दौंडच्या वाटेवर, केडगावच्या माळावर त्यांच्यासाठी वस्ती उभी राहिली. तिचे नाव मुक्ती. १९०० च्या सुमारास, गुजराथेतील दुष्काळानंतर, ही वस्ती जवळजवळ दोन हजारांवर गेली.

या वस्तीतील घरांची नावे लक्ष देण्यासारखी आहेत. समाजाने टाकलेल्या स्त्रियांचे घर ते कृपा सदन. आंधळ्यांचे घर ते बार्तीमी सदन. यरीहोच्या वाटेवर बसून हाका मारणाऱ्या आणि लोक गप्प राहा म्हणून दटावीत असतानाही न थांबणाऱ्या आंधळ्या बार्तीमयाचे हे नाव. म्हणजे शुभवर्तमानातील एकेका प्रसंगाला केडगावात छप्पर आणि चूल मिळाली होती. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही तो अध्याय ओसरीवर चालताना दिसत होता.

परंतु विहिरीकाठच्या कथेत याहूनही खोल असे एक सूत्र आहे आणि ते सहज निसटते. ख्रिस्ताने त्या स्त्रीला प्रथम काही दिले नाही, प्रथम मागितले. जिच्या हातचे पाणी त्याच्या समाजाला चालत नव्हते, तिच्यापुढे त्याने आपली तहान ठेवली. दान करणारा माणूस वर उभा असतो. मागणारा समोर बसतो. दया दाखविणे त्या मानाने सोपे आहे. ज्याला आपण कमी लेखले, त्याच्यावाचून आपले अडते हे कबूल करणे कठीण आहे.

केडगावात हे सूत्र कामाच्या रूपाने दिसते. दुष्काळातून आलेल्या मुलींना नुसते अन्न घातले गेले नाही. त्यांच्यापाशी मागितले गेले. शेत, विणकाम, दवाखाना, शाळा आणि छापखाना त्यांच्या हातांवर चालला. आधी आलेल्या स्त्रियांनी मागून आलेल्या मुलींना सांभाळले. रमाबाईंनी आयुष्याची शेवटली वर्षे ज्या कामात घालविली, ते बायबलच्या मराठी भाषांतराचे कामही असेच झाले. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतची एवढी मोठी पंडिता. पण भाषा मात्र त्यांनी साधी, खेडवळ बाईला उमजेल अशी योजली. आणि या ग्रंथाचे खिळे जुळविणारे हात मुक्तीतील स्त्रियांचेच होते. जिला एके काळी भाकरी मिळत नव्हती, तिच्याच हातून शास्त्राचे पान तयार झाले. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रत्येक ख्रिस्ती माणसाला केडगाव उभारता येणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. सामान्य संसारातील विहीर फार जवळ असते. घरी भांडी घासणाऱ्या बाईचा चहाचा पेला निराळा ठेवलेला असतो, तेथे तो अध्याय वाचावयाचा असतो. मंडळीतील एखादी स्त्री लोकांच्या नजरा चुकवून उपासनेला उशिरा येते आणि शेवटच्या बाकावरून लवकर निघून जाते. शोमरोनी स्त्री दुपारी एकटीच का आली, हे शास्त्र सांगत नाही. पण तिने लोकांच्या वेळा टाळल्या असाव्यात, असे अनेक भाष्यकार मानतात. त्या शेवटच्या बाकापाशी जाऊन उपदेश करण्याऐवजी एखाद्या कामात तिची मदत मागणे, हे लहानसे आचरण आहे. पण प्रवचनाहून ते कानाला अधिक स्पष्ट ऐकू येते. ज्याच्याशी वर्षानुवर्षे अबोला आहे, त्या भावाकडे उदार मनाने क्षमा घेऊन जाण्यापेक्षा एखादी गरज घेऊन जाणे हेही त्याच जातीचे.

कथेच्या शेवटी ती स्त्री आपली घागर विहिरीपाशीच टाकून गावात धावत जाते. ज्या गावाला ती टाळीत होती असे म्हणतात, त्याच गावाला ती हाक मारून बोलावते आणि गाव तिच्यामागून येते. थोड्या वेळापूर्वी जिच्याशी बोलावे की नाही अशी शंका शिष्यांना पडली होती, तीच आता सांगणारी झाली. आणि हे सारे एका थकलेल्या माणसाने घोटभर पाणी मागितले, तेथून सुरू झाले.