एका मातेचे ऋणनिवेदन

(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



व्यासपीठावर उभे राहून बोलण्याचा मला सराव नाही. तथापि ज्युबिली म्हणजे केवळ तोरणे आणि बँड नव्हे, तर परमेश्वराने दिलेल्या देणग्यांचा हिशेब मांडण्याचा तो दिवस होय, असे आपले धर्मगुरू वर्षभर सांगत आले आहेत. त्या हिशेबात माझ्या घराच्या नावावर एक मोठे ऋण मांडलेले आहे. ते आपणा सर्वांसमक्ष वाचून दाखवावे, एवढ्याचसाठी मी उभी आहे. माझ्या अंध कन्येस ज्या बाईंनी शिकविले, त्यांच्याविषयी मला बोलावयाचे आहे. त्यांचे नाव मी घेत नाही. "नाव घ्याल तर सभेस येणार नाही," अशी त्यांची अटच आहे. त्या मागच्या एका बाकावर बसल्या आहेत, एवढे मात्र सांगते.

माझी कन्या जन्मांध आहे. ती पाळण्यात असता घरी येणारे-जाणारे दोन प्रश्न विचारीत. पहिला, हे कोणाचे पाप? त्याचे उत्तर मला शोधावे लागले नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी हाच प्रश्न विचारला आहे, आणि प्रभूने त्या जन्मांध मनुष्यालाही दोष दिला नाही व त्याच्या आईबापांनाही दिला नाही. दुसरा प्रश्न अधिक कठीण होता. तुमच्या पश्चात हिचे कोण पाहील? त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. रात्री पदर तोंडात धरून मी रडत असे, ती या दुसऱ्या प्रश्नासाठी.

कन्या पाच वर्षांची झाली तेव्हा बाई आमच्या घरी आल्या. अंध मुलांना शिकविण्याचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले होते. पहिल्या दिवशी त्यांनी पुस्तक काढलेच नाही. वाल, चवळी आणि मूग सुपात एकत्र कालवून, ते तीन वाट्यांत वेगवेगळे निवडावयास त्यांनी मुलीस बसविले. बोटे शहाणी झाल्यावाचून अक्षर कळावयाचे नाही, असे त्यांचे म्हणणे. पुढे त्यांनी सहा खणांचे अंड्यांचे खोके आणि थोडी लिंबे मागून घेतली. ब्रेल लिपीचे एक घर सहा ठिपक्यांचे असते. दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन ठिपके. डावीकडच्या रांगेत सर्वांत वर एक लिंबू ठेवले की 'अ' झाला. त्याच रांगेत वर एक आणि खाली एक ठेवले की 'क' झाला. अशा ६३ मांडण्यांत सारी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे सामावतात. माझ्या मुलीने मुळाक्षरे गिरविली ती लिंबांनी.

लिहिणे त्याहून अवघड. पाटीत कागद धरून टोचणीने उजवीकडून डावीकडे ठिपके पाडावयाचे, आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचावयाचे. म्हणजे प्रत्येक अक्षर उलटे लिहावे लागते. घरातील आम्हा डोळसांना ते साधेना. सात वर्षांच्या मुलीला साधले.

बाईंची माया कडक होती. मुलीची पाटी तिनेच उचलावी, तिचे ताट तिनेच घासावे, हा त्यांचा दंडक. इयत्ता वाढली तेव्हा भूमितीतून तिला सूट मिळावी, असे काही हितचिंतकांनी सुचविले. बाई म्हणाल्या, "वेळ वाढवून मागू, अभ्यास कमी करून मागणार नाही." त्यांनी पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून त्रिकोण आणि वर्तुळे तयार केली. एके वर्षी ब्रेल पुस्तके दिवाळीपर्यंत आली नाहीत. तेव्हा रोज रात्री चार-चार पाने त्यांनी स्वतःच्या हाताने टोचून आणली. त्यांच्या बोटाला पडलेला घट्टा मी पाहिला आहे. त्याची नोंद कोणत्याही पगारपत्रकात झाली नाही.

या लिपीचा इतिहास आपल्यासारख्या गावकऱ्यांनी अवश्य ऐकावा. लुई ब्रेल १८०९ साली फ्रान्समधील कूपव्रे या खेड्यात, खोगिरे करणाऱ्या कारागिराच्या घरी जन्मला. तीन वर्षांचा असताना बापाच्या कारखान्यात हत्यार लागून त्याचा एक डोळा गेला आणि त्याच विकाराने पुढे दुसराही गेला. गावचे धर्मगुरू फादर झाक पालुई यांनी त्याला आपल्यापाशी बसवून शिकविले, आणि गावच्या मास्तरांनी त्याला डोळस मुलांच्या बाकावर जागा दिली. १८१९ साली, वयाच्या दहाव्या वर्षी, तो पॅरिसच्या अंधशाळेत गेला. चार्ल्स बार्बिये या माजी लष्करी अधिकाऱ्याची बारा ठिपक्यांची पद्धत तेथे त्याच्या हाती आली. ती बोटाच्या एका स्पर्शात मावत नव्हती. १८२४ साली, पंधराव्या वर्षी, त्याने ती सहा ठिपक्यांवर आणली. १८२९ साली ती छापून प्रसिद्ध झाली. पुढे तो त्याच शाळेत शिक्षक झाला आणि पॅरिसच्या देवमंदिरांत ऑर्गनही वाजवीत असे. मराठीसह आपल्या देशातील भाषांसाठी १९५१ साली एकच भारती ब्रेल ठरली. लुईचे नाव जगाला ठाऊक आहे. परंतु त्या खेड्यातील धर्मगुरूने आणि मास्तराने दार उघडले नसते, तर तो पॅरिसपर्यंत पोहोचता ना. शिक्षकाचे काम असेच असते. पीक दिसते, पेरणारा हात दिसत नाही.

आता यंत्रे पुस्तके वाचून दाखवितात. मग ठिपक्यांचे कष्ट कशाला, असे कोणी विचारील. ऐकून शब्द कळतो, बंधुभगिनींनो, पण त्यातील ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. शुद्ध लिहावयाचे तर अक्षर बोटाखालीच यावे लागते. माझ्या कन्येने प्रथम याच देवमंदिरात मिस्सावेळी वाचन केले, तेव्हा पुष्कळांनी डोळे पुसले. बाहेर आल्यावर बाई तिला एवढेच म्हणाल्या, "दुसऱ्या परिच्छेदात घाई झाली." लोकांनी तिच्यात अंध मुलगी पाहिली, बाईंनी विद्यार्थिनी पाहिली. माझ्या मते यापरता मोठा मान नाही.

आज कन्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. पांढरी काठी घेऊन एकटी लोकलने जाते-येते. माझी औषधे तीच वेळेवर देते. हिचे कोण पाहील, हा प्रश्न आता मला कोणी विचारीत नाही.

शाल-श्रीफळाने हे ऋण फिटणारे नाही, आणि बाई ते घेणारही नाहीत. म्हणून दोन विनंत्या करते. आपल्या कोणाच्या घरी असे मूल असेल, तर त्याला आतल्या खोलीत ठेवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा त्यांच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. ती भीक नव्हे. आणि या ज्युबिलीच्या स्मरणार्थ आपल्या वाचनपीठापाशी ब्रेल लिपीतील एक शुभवर्तमान आणि एक गीतपुस्तक ठेवावे. उद्या दुसरे एखादे लेकरू येईल, त्याला त्याचे पुस्तक तयार मिळू द्या.

बाई, आपण माझ्या मुलीला दृष्टी दिली, असे मी म्हणणार नाही. आपणांस ती भाषा आवडत नाही. आपण तिला वाचावयास शिकविले. परमेश्वर आपणांस उदंड आयुष्य आणि आणखी पुष्कळ विद्यार्थी देवो, अशी प्रार्थना करून मी आपणा सर्वांची रजा घेते.