थुरीदुर तांडेल

आइसलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर स्टोक्सेरी नांवाचें एक लहानसें गांव आहे. त्याला बंदर असें नव्हतेंच. हजारों वर्षांपूर्वीं ज्वालामुखींतून निघालेला रस वाहत येऊन येथें समुद्रांत शिरला व थिजला; त्याचे काळे खडक किनाऱ्यापुढें पसरलेले आहेत. पूर्वीं येथील कोळी वल्ह्यांच्या उघड्या नावा घेऊन या खडकांमधील अरुंद वाटांनीं कॉड मासे धरण्यास जात. आणि तेंही फेब्रुवारींत सुरू होणाऱ्या हंगामांत, म्हणजे ऐन थंडींत! मासे मिळणें ही अर्धीच गोष्ट. ते घेऊन जिवंत परत येणें ही खरी परीक्षा.

याच किनाऱ्याजवळ सन १७७७ मध्यें थुरीदुर एनार्सदोत्तिर हिचा जन्म झाला. अकराव्या वर्षीं ती बापाच्या नावेवर चढली. पुढें तिला पुरुष खलाशाइतका पूर्ण वांटा मिळूं लागला, आणि कांहीं वर्षांनीं ती स्वतःच नावेची प्रमुख, आपल्या कोंकणी भाषेंत तांडेल, झाली. मेंढ्याचें कातडें माशाच्या तेलांत मुरवून केलेली विजार घालून ती समुद्रावर जाई. बाईनें विजार घालावी याचा लोकांना अचंबा वाटे. परंतु घागऱ्याच्या घोळांत वल्हें मारतां येत नाहीं, हें अचंबा करणारांनीं कधीं अनुभवलें नसावें.

तांडेलाचें काम म्हणजे नुसती हुकमत, असें श्रोत्यांना वाटेल. तसें नव्हे. परततांना खडकांबाहेर नाव थोपवून धरावयाची व येणाऱ्या लाटा न्याहाळावयाच्या. मोठ्या लाटा तीन तीन मिळून येतात, असा तेथील कोळ्यांचा ठोकताळा. त्या सरल्या कीं क्षणभर समुद्र शांत होतो. तेवढ्यांत सर्वांनीं जीव खाऊन वल्हीं मारून वाट पार करावयाची. हुकूम आधीं सुटला तर नाव उलटे, उशिरां सुटला तर पुढच्या लाटा तिला खडकावर फोडीत. येथें बहुमत चालत नाहीं. थुरीदुरनें हा निर्णय वर्षानुवर्षें एकटीनें घेतला, आणि तिच्या नावेवरील एकही माणूस बुडाला नाहीं, अशी तिची ख्याति आहे.

सन १८२७ मध्यें तिला निराळाच निर्णय करावा लागला. जवळच्या कांबुर नांवाच्या शेतावर रात्रीं चार बुरखेधाऱ्यांनीं दरोडा घातला. त्यांच्या मागें राहिलेल्या वस्तूंवरून चोर कोण असावेत, याचा माग लावण्यास अधिकाऱ्यांना थुरीदुरचें मोठें साह्य झालें. चोर परके नव्हते; त्याच मुलखांतले होते, आणि त्यांचा म्होरक्या सिगुर्दुर हा तर तिच्या नावेवर वल्हें मारलेला खलाशी! ज्याचा जीव लाटांतून राखावयाचा, त्याच्याचविरुद्ध बोलावयाचें. ती बोलली. सिगुर्दुरला शिक्षा भोगण्यास डेन्मार्कला धाडण्यांत आलें; तेथें तुरुंगांतील अधिकाऱ्यावर त्यानें हल्ला केला व सन १८३४ मध्यें त्याचा शिरच्छेद झाला.

थुरीदुर त्यानंतरही समुद्रावर जातच राहिली. एकंदर अर्धशतकाहून अधिक काळ तिनें हा धंदा केला. सन १८६३ मध्यें ती वारली तेव्हां तिच्यापाशीं संपत्ति म्हणावी असें कांहीं नव्हतें. सन १९४९ मध्यें स्टोक्सेरीस तिच्या नांवानें जुन्या कोळ्यांच्या पद्धतीची एक झोंपडी उभारण्यांत आली. दगड व गवताळ मातीच्या जाड भिंती, बुटकें दार, आणि आंत खलाशांना निजण्यासाठीं बाजूंना फळ्यांचे माचे.